पदरासकट डोंगर

साडीला पदर असतो हे सगळ्यांना माहीत आहे. डोंगराला पदर असतो हे मात्र कर्जतच्या पूर्वेला दोन-चार वेळा चालून आल्याशिवाय कळत नाही. कोकणातून देशावर जाणारी सह्याद्रीची भिंत एका दमात चढत नाही. आधी गावामागची सोंड, मग कारवीचं रान, आणि आता माथा आला असं वाटतं तिथे झाडीने भरलेला एक सपाट टप्पा लागतो. खरा कडा त्याच्या मागे उभा असतो. हा मधला टप्पा म्हणजे पदर. खांडसहून भीमाशंकरला जाणाऱ्या गणेश घाट आणि शिडी घाट या दोन्ही वाटा याच पदरावर एकमेकींना भेटतात. शेजारच्या किल्ल्याचं नाव पदरगड आणि वस्तीचं नाव पदरवाडी.

पदर कसा तयार झाला ते दगड सांगतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. ते सगळे सारखे नव्हते. काही घट्ट, एकसंध बेसाल्टचे, तर काही हवेच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेले. दोन थरांमध्ये कुठे कुठे विटकरी लाल मातीचा पट्टाही राहिला. पावसाने मऊ थर झिजत मागे हटले, घट्ट थर सरळ तुटून कडे झाले. म्हणून आपला डोंगर लांबून जिन्यासारखा दिसतो. जिन्याच्या उभ्या भागावर काही टिकत नाही, पायरीवर सगळं टिकतं. तिथे माती साठते, पाणी मुरतं, झाड मूळ धरतं. म्हणून माणूसही तिथेच राहिला. कोथळीगडाखालचं पेठ, राजमाचीवरची उधेवाडी, भीमाशंकरच्या वाटेवरची पदरवाडी, इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी, सगळ्या वस्त्या डोंगराच्या पायरीवर बसलेल्या.

आता कोणत्याही ट्रेकरच्या मोबाइलमधले डोंगरांचे फोटो पाहा. सुळका आहे, कडा आहे, आभाळ आहे. पदर नाही. त्याच्यावरची वाडी तर नाहीच. मीही पंधरा वर्षं असेच फोटो काढले, त्यामुळे हे मी वरून सांगत नाही.

पदर कापला जाण्यामागे सौंदर्यदृष्टीइतकंच प्रकाशाचं गणित आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय कर्जत-खालापूर तालुक्यांत कॅमेरा उघडू नये.

कर्जतचा भूगोल फोटोग्राफरच्या नजरेने असा मांडता येतो. पूर्वेला सह्याद्रीची मुख्य भिंत आहे. उत्तरेकडे भीमाशंकर, मग तुंगी, ढाक, दक्षिणेकडे राजमाची आणि खंडाळा. तिचं तोंड पश्चिमेला. पश्चिमेला माथेरानची सुटी रांग, उत्तर-दक्षिण पसरलेली, साधारण ८०० मीटर उंच. मध्ये उल्हास नदीचं खोरं. म्हणजे सकाळी सूर्य भिंतीच्या पाठीमागून उगवतो. भिंत काळी, खोरं सावलीत, आणि पहिलं ऊन पडतं ते समोरच्या माथेरानच्या माथ्यावर. तिथून ते हळूहळू खाली उतरतं. नवखा फोटोग्राफर पहाटेची कर्जत लोकल पकडून भिंतीच्या पायथ्याशी येतो आणि नऊ वाजेपर्यंत सावलीत उभा राहतो. मी राहिलोय.

संध्याकाळी खेळ उलटा होतो. सूर्य माथेरानच्या मागे कलतो आणि माथेरानची सावली खोऱ्यातून पूर्वेकडे सरकू लागते. ती आधी भातखाचरं गिळते, मग गावं, मग सोंडा, मग पदर. भिंतीच्या कड्यावर अजून ऊन असतं. सपाटीवर सूर्यास्ताच्या आधी दहा-पंधरा मिनिटंच अंधारायला लागतं, आणि त्याच वेळी कडा तांब्याच्या हंड्यासारखा तापलेला दिसतो. कॅमेऱ्याला एवढा फरक एका एक्स्पोजरमध्ये पकडणं कठीण. कड्याला नेमका प्रकाश दिला की पदर काळाकुट्ट, पदराला दिला की कडा पांढराफटक. मग फोटोग्राफर सोपा मार्ग घेतो. टेलिफोटो लावतो, कड्याची चौकट करतो आणि काळा भाग कापून टाकतो. हजारो फोटोंत वाड्या गायब होतात त्या अशा, कोणाचाही काही वाईट हेतू नसताना.

उपाय दोन आहेत. एक, वरून गडद आणि खाली पारदर्शक असा ग्रॅज्युएटेड फिल्टर, किंवा ट्रायपॉड न हलवता दोन वेगळी एक्स्पोजर घेऊन ती नंतर जोडणं. दुसरा उपाय फुकटचा आहे: अर्धा तास आधी या. तेव्हा ऊन तिरकं झालेलं असतं पण पदरावरून गेलेलं नसतं. झाडांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात, शेकोटीचा धूर उन्हात दिसतो, आणि कडा अजून तांबडा झालेला नसला तरी डोंगर पूर्ण दिसतो. मी हल्ली हाच वेळ धरतो. तांबड्या कड्याचे फोटो माझ्याकडे पुष्कळ झाले.

या घाईचं आणखी एक कारण आहे. परदेशी पुस्तकांतला ‘सोनेरी तास’ आपल्याकडे तासभर नसतो. कर्जत साधारण १९ अंश अक्षांशावर आहे. इथे सूर्य क्षितिजाकडे जवळजवळ सरळ खाली उतरतो. क्षितिजावर सहा अंश असलेला सूर्य मार्च-सप्टेंबरमध्ये सुमारे २५ मिनिटांत बुडतो. जूनमधल्या लंडनमध्ये त्याच सहा अंशांना सुमारे ५० मिनिटं लागतात. तिथल्या फोटोग्राफरने चहा पीत चौकट ठरवावी. आपण चौकट दुपारीच ठरवून ठेवायची आणि चहा अंधार पडल्यावर प्यायचा.

सूर्य वर्षभर एकाच जागी मावळत नाही हेही ध्यानात ठेवायला हवं. जूनमध्ये तो पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो, डिसेंबरमध्ये तितकाच दक्षिणेला. त्यामुळे भिंतीतल्या ज्या घळी वायव्येला तोंड करून आहेत, त्यांच्यात सरळ ऊन शिरतं ते उन्हाळ्याच्या अखेरीला आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला. म्हणजे नेमकं आभाळ भरलेलं असतं तेव्हा. अशा काही घळींचा उन्हातला फोटो मला अजून मिळालेला नाही आणि मिळेल अशी फारशी आशाही नाही. मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, वळवाच्या सरीनंतर हवा धुतली गेली असेल, तर एखादा दिवस सापडतो.

उलट माथेरानच्या माथ्यावरून काम सोपं आहे. पूर्वेकडे पॅनोरमा पॉइंट आणि गारबट, पश्चिमेकडे लुइझा आणि पॉर्क्युपाइन. सकाळी पूर्वेची टोकं, संध्याकाळी पश्चिमेची. पण मी सांगेन की संध्याकाळी गर्दी पश्चिमेला सूर्य बुडताना पाहत असते तेव्हा तुम्ही गारबटला जाऊन पाठ सूर्याकडे करा. समोर भीमाशंकरपासून राजमाचीपर्यंतची सगळी भिंत पेटलेली असते आणि खाली तुम्ही उभे आहात त्याच डोंगराची सावली चालत तिच्याकडे निघालेली असते. सूर्यास्त बघायला सूर्याकडे बघावंच लागतं असं नाही.

माथेरानच्या बाबतीत ‘शोध’ हा शब्द वापरला जातो. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये चौकच्या बाजूने वर चढले आणि माथेरान ‘सापडलं’. चढायला वाट होती, म्हणजे चढणारे लोकही होतेच. डोंगर रिकामा समजण्याची ही सवय जुनी आहे. ज्यांना ती सर्वांत महाग पडली त्यांत मुघल सरदार कारतलबखानाचं नाव वरचं. २ फेब्रुवारी १६६१ रोजी खालापूर तालुक्यातल्या चावणी गावाजवळ, उंबरखिंडीत, त्याचं मोठं सैन्य दाट रानातल्या चिंचोळ्या वाटेने कोकणात उतरत होतं. दोन्ही बाजूंचं रान त्याला निर्मनुष्य दिसलं. शिवाजी महाराजांची माणसं त्या रानात बसलेली होती. खान शरण आला. आज तिथे स्मारक आहे, आणि पावसाळ्यात नदीच्या पात्रातून वर बघितलं की झाडीत शंभर माणसं सहज दडतील हे लगेच पटतं.

कॅमेरा या डोंगरात आला तो रेल्वेबरोबर. भोर घाटाचं काम १८५० च्या दशकात सुरू झालं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांची पत्नी अॅलिस ट्रेडवेल यांनी ते कंत्राट पुढे नेलं. १८६३ मध्ये घाट खुला झाला: २५ बोगदे, आठ मोठे पूल, आणि ३७ फुटांना एक फूट असा चढ. काम ऐन भरात असताना ४० हजारांहून अधिक मजूर या उतारांवर राबत होते. या कामाच्या छायाचित्रांचे आल्बम अॅलिस ट्रेडवेल यांच्या नावाने ओळखले जातात. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या पहिल्या भारतीय सभासदांपैकी होते, तेव्हा हा नवा छंद घाटाखाली पोहोचायला वेळ लागणार नव्हता.

त्या काळची पद्धत ओल्या काचेची. काचेवर कलोडियन ओतायचं, चांदीच्या क्षारात बुडवायचं, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, आणि वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत धुवून काढायची. सगळा कारभार दहा-पंधरा मिनिटांत. आपल्या एप्रिल-मेच्या हवेत त्याहून कमी. सॅम्युअल बोर्न १८६३ मध्ये हिमालयात पहिल्या मोहिमेला निघाला तेव्हा काचा, रसायनं आणि तंबू वाहायला सुमारे ३० हमाल होते. ही पद्धत एक गोष्ट नकळत करायची. एक्स्पोजर कित्येक सेकंदांचं असल्यामुळे कडा रेखीव यायचा, पण चालता माणूस धुरकट व्हायचा किंवा अजिबात उमटायचा नाही. कुदळ मारणारा मजूर फोटोत यायचा असेल तर त्याला कुदळ थांबवून उभं करावं लागे. डोंगर कायमचा आणि माणूस पुसट, हे दृश्य प्रथम रसायनाने तयार केलं. नंतर ती आवड झाली.

आवड पुढे अमेरिकेत शिखराला पोहोचली. अॅन्सल अॅडम्सने १९२७ मध्ये योसेमिटीतल्या हाफ डोम या कड्याचा फोटो लाल फिल्टर लावून काढला. आभाळ काळं, कडा उजळ, माणसाचा मागमूस नाही. निसर्गचित्रणाच्या प्रत्येक वर्गात तो दाखवतात आणि दाखवायलाच हवा, इतका तो भारी आहे. पण त्या खोऱ्यात अवानीची लोक राहत होते आणि १८५१ मध्ये सशस्त्र तुकडी पाठवून त्यांना हुसकावलं गेलं, हे वर्गात सहसा सांगत नाहीत. त्या फोटोसारखा फोटो कर्जतला काढायला जाणारा मुलगा मनात तेच रिकामं खोरं घेऊन येतो. इथे मात्र सुळक्याखाली कोणाची तरी नाचणी असते.

आपल्याकडची परंपरा वेगळी होती, असं मला वाटतं. गो. नी. दांडेकरांनी ‘माचीवरला बुधा’ ही कादंबरी राजमाचीवर बेतली आणि तिथे डोंगर व माणूस वेगळे काढता येत नाहीत. गोनीदा स्वतः गडांवर कॅमेरा घेऊन फिरत. नंतर आभाळातून किल्ले पाहण्याची लाट आली. गोपाळ बोधे यांची हवाई छायाचित्रं आणि उद्धव ठाकरे यांचं २०१० मधलं ‘महाराष्ट्र देशा’ हे पुस्तक यांनी गडांचा आकार वरून कसा दिसतो ते घरोघरी पोहोचवलं. त्याची मोठी भुरळ पडली आणि आता प्रत्येक ट्रेकरच्या पाठीवर ड्रोन आहे. ड्रोनबद्दल माझं मत फार चांगलं नाही. त्याला गडाची तटबंदी उत्तम दिसते, घरातली माणसं मात्र फक्त वर बघताना दिसतात.

पावसाळ्याकडे येतो, कारण लोक मुळात त्यासाठीच इथे येतात. माथेरानला वर्षाला साधारण ५००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जुलैमध्ये तुम्ही फोटो काढायला जात नाही, ढग उघडायची वाट बघायला जाता. ढगाचा तळ पुष्कळदा पदराच्या थोडा वर असतो. म्हणजे कडा गायब आणि पदर स्पष्ट. डोंगराने स्वतःच चौकट कापून दिलेली असते, आपल्या नेहमीच्या सवयीच्या बरोब्बर उलट. अशा वेळी बहुतेक लोक कॅमेरा पिशवीत ठेवतात. काढा बाहेर. ओल्या पानांवरची चकाकी पोलरायझरने कमी केली की हिरव्याच्या दहा छटा वेगळ्या होतात. धबधब्याला अर्धा सेकंद पुरतो. पाच सेकंद दिले की तो कापसासारखा होतो आणि मग कुठल्याही देशातला वाटतो.

छत्रीइतका चांगला रेनकोट नाही. कॅमेरा पुसायला महागड्या कापडापेक्षा धुऊन मऊ झालेला सुती पंचा चांगला. आणि घरी आल्यावर बॅग बंद करून कपाटावर टाकू नका. २०११ च्या पावसाळ्यात मी तेच केलं. दिवाळीत लेन्स उजेडासमोर धरली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याने पैसे घेऊन ती पुसली आणि काचेवरचा लेपही पुसून दिला. त्या लेन्सने काढलेला प्रत्येक फोटो आता धुक्यात असल्यासारखा येतो. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एवढ्याने काम भागलं असतं.

पावसाळ्याची दुसरी बाजू गंभीर आहे. धबधबे आणि धरणांवर जायला दरवर्षी तालुक्यात बंदी हुकूम निघतात. ते मोडून जाण्यात शौर्य नाही. माणूस अडकला की खोपोलीच्या यशवंती हायकर्सची किंवा लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रची मुलं आपलं काम टाकून दोर घेऊन रात्री वर चढतात. ढाकच्या बहिरीचा कातळटप्पा कोरडा असतानाही काळजी घ्यावी असा आहे, पावसात तिकडे ट्रायपॉड घेऊन जाऊच नये. बहिरी हे इथल्या आदिवासींचं देवस्थान आहे. गुहेत भाविकांसाठी भांडी ठेवलेली असतात, वापरून, घासून परत ठेवायची. त्या भांड्यांचा फोटो मला कड्याच्या फोटोपेक्षा जास्त आवडतो.

सप्टेंबरच्या शेवटी पाऊस मागे सरतो आणि मग दोन-तीन आठवडे या भागाचं सोनं होतं. सोनकी आणि तेरड्याने पठारं भरतात. एखाद्या वर्षी कारवी फुलते. ती सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते आणि मग वाळते. तिच्याच काठ्या विणून, शेणामातीने लिंपून वाडीवरच्या कुडाच्या भिंती होतात. हवा स्वच्छ असते. डिसेंबरपासून खोऱ्यात धुरकट थर बसतो, कारखाने आणि द्रुतगती मार्ग दोन्ही जवळ आहेत, आणि लांबचा डोंगर राखाडी पुठ्ठ्यासारखा होतो. विजेच्या तारांचा वैतागही येतो. पण खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ चं आहे आणि या तारांनी मुंबईच्या गिरण्या चालवल्या. ज्या चौकटीत त्या टाळता येत नाहीत तिथे मी आता त्या राहू देतो.

हिवाळ्यात पहाटे राजमाचीच्या श्रीवर्धनवर जा. सूर्य पाठीशी, समोर उल्हासच्या दरीत धुकं, आणि नशीब असेल तर त्या धुक्यावर आपलीच सावली गोल इंद्रधनुष्याच्या मधोमध दिसते. हेच इंद्रवज्र. हरिश्चंद्रगडावर १८३५ मध्ये कर्नल साईक्सने ते पाहिल्याचं ट्रेकर मंडळी आवडीने सांगतात. उतरताना कोंढाणे लेण्यांची वाट धरा. कर्जत तालुक्यातलं हे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं बौद्ध लेणं, लाकडी बांधकामाची नक्कल करून कोरलेलं. दर्शनी भागात एका यक्षमूर्तीच्या अवशेषांजवळ ब्राह्मी लेख आहे: कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. या सगळ्या भिंतीवर आपलं नाव घालून गेलेला तो बहुधा सर्वांत जुना माणूस. सकाळी लेणं सावलीत असतं, तरी तेच बरं. सावलीतल्या मऊ उजेडात छिन्नीचे घाव नीट दिसतात.

कोथळीगडाचं थोडं विस्ताराने सांगतो. आंबिवलीहून चढायला लागलं की दीड-दोन तासांत पेठ येतं. गाव पठारावर, मागे सुळका. गावातून वर गेलं की पोटात कोरलेली गुहा लागते, आत नक्षीचे खांब. आणि तिच्या बाजूने सुळक्याच्या आतूनच वर जाणारा जिना. नरसाळं उलटं ठेवून त्याच्या आतून चढावं तसा. मी तीनदा फक्त त्या जिन्यासाठी गेलो. वाइड अँगल लेन्स वर रोखायची, शेवटी आभाळाचा तुकडा, त्याच्यामुळे उंच पायऱ्यांच्या कडा चमकतात. दुपारी बारा ते एक हीच वेळ, कारण तेव्हाच ऊन वरून आत पडतं. दुपारच्या कडक उन्हाला नावं ठेवणाऱ्यांनी ही जागा पाहावी.

तिसऱ्या खेपेला पेठेत एका घरी जेवायला थांबलो. पिठलं तयार होईपर्यंत मी ओसरीवर बसून सकाळचे फोटो बघत होतो. घरातल्या मावशी हात पुसत येऊन मागे उभ्या राहिल्या.

“ह्यो आमचाच सुलका ना?”

“हो मावशी. सकाळी काढला, खालून.”

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, सुळक्यावरून खाली आणलं, आणि ते चौकटीच्या बाहेर गेलं. “मग आमचं घर?”

“ते खाली राहिलं.”

“राहिलं म्हंजी?”

मला उत्तर सुचलं नाही. त्याही उत्तरासाठी थांबल्या नाहीत, तव्यावर भाकरी होती. जेवून मी पुन्हा सकाळच्या जागी उतरलो आणि लेन्स बदलून तोच फोटो काढला. सुळका लहान झाला, आभाळ कमी झालं, आणि खाली नऊ-दहा छपरं, गुरांची वाट, भाताचा हिरवा तुकडा आला. तो फोटो आधीच्यापेक्षा चांगला होता असं मी म्हणणार नाही. रचना विस्कळीत आहे, डाव्या कोपऱ्यात निळी पाण्याची टाकी आहे. पण पेठ गावात कोणाच्या घरी भिंतीवर लावलेला माझा फोटो तोच. छापून, काच लावून, पुढच्या महिन्यात नेऊन दिला. ‘फोटो पाठवतो’ म्हणून सांगून गेलेले आणि न पाठवलेले फोटोग्राफर या वाड्यांवर बरेच आहेत, असं तेव्हा समजलं.

आता इर्शाळगड. चौकजवळ, खालापूर तालुक्यात, मुंबई-पुणे रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाने तो पाहिलेला आहे. निमुळता सुळका आणि त्यात आरपार भोक, आपण त्याला नेढं म्हणतो. पायथ्याशी मोरबे धरणाचं पाणी. नेढ्यातून आभाळ, नेढ्यातून सूर्य, नेढ्यात बसलेला मित्र: या तीन फोटोंखेरीज इर्शाळचा चौथा फोटो क्वचितच पाहायला मिळायचा. वर जाताना पदरावर ठाकरांची वाडी लागायची. तिथे पाणी प्यायचं, वाट विचारायची, कोणी वाटाड्या म्हणून यायचं, आणि मग वर.

१९ जुलै २०२३ च्या रात्री, सलग मुसळधार पावसात, वरचा डोंगर त्या वाडीवर आला. गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे यंत्रं पोहोचली नाहीत. बचावपथकं चिखलातून पायी चढली आणि हातांनी ढिगारा उपसला. चढताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. चार दिवसांनी, २३ जुलैला, शोध थांबवला. २७ मृतदेह सापडले होते, ५७ माणसं बेपत्ता होती. ती अजून तिथेच आहेत. वाचलेल्यांना सिडकोने चौकजवळ घरं बांधून दिली.

त्या आठवड्यात वर्तमानपत्रांना वाडीचा आधीचा फोटो हवा होता. एका ओळखीच्याने मला विचारलं, “तू तर दहादा गेलायस.” मी हार्ड डिस्क उघडली. इर्शाळचे १४० फोटो निघाले, २००८ पासूनचे. नेढं, सुळका, मोरब्यातलं प्रतिबिंब, पहाटेचं धुकं. वाडी दिसते असा एक सापडला. त्याच्या खालच्या कडेला पत्र्याच्या छपराचा कोपरा आणि वाळत घातलेली एक साडी. बाकी सगळं मीच, फार विचारपूर्वक, चौकटीबाहेर ठेवलं होतं.

आल्प्समध्ये फिन्स्टरवाल्डर नावाच्या जर्मन गणितज्ञाने १८८८ च्या सुमारास हिमनद्यांचे फोटो ठरलेल्या जागांवरून काढून ठेवायला सुरुवात केली. पुढच्यांनी त्याच जागी उभं राहून पुन्हा काढावेत, म्हणजे बर्फ किती सरकला ते मोजता यावं. आपल्या डोंगरांना हे करायला शास्त्रज्ञाची गरज नाही. इतके लोक दर रविवारी त्याच पाच-सहा जागी उभे राहतात. उताराला पडलेली भेग, तुटलेलं झाड, बुजलेला ओहोळ, नवी वाट, वाढलेली घरं, हे सगळं फोटोत येऊ शकतं, फक्त चौकट पुरेशी खाली हवी आणि तारीख खरी हवी.

तेव्हा वाचकांना विनंती. तुम्ही इर्शाळगडाला जुलै २०२३ च्या आधी कधीही गेला असाल, तर जुने फोन, मेमरी कार्डं, कपाटातले आल्बम काढून बघा. सुळक्याच्या फोटोंच्या कडा तपासा, वाटेत काढलेले, हललेले, टाकून द्यायचे राहून गेलेले फोटो तपासा. वाडीचं घर, अंगण, माणूस, काहीही दिसलं तर न कापता, न उजळवता छापा, मागे तारीख लिहा, आणि चौकजवळच्या त्या नव्या घरांत नेऊन द्या. माझ्या फोटोतली साडी कोणाची होती ते मला तिथेच कळलं.